गाथेत शोध घेताना

नर्सी नामदेव या गावात दोन ग्रंथ नांदतात. मंदिरात वारकरी गाथेतले अभंग म्हणतात आणि त्याच गावातल्या गुरुद्वारात गुरू ग्रंथ साहिबाचा पाठ चालतो. कयाधूच्या काठचे, हिंगोली जिल्ह्यातले हे गाव परंपरेने नामदेवांचे जन्मगाव. जन्म शके ११९२, म्हणजे इ.स. १२७०. जन्म पंढरपूरचा मानणारेही अभ्यासक आहेत, पण तो वाद इथे नको. आषाढीला नर्सीहून पालखी पंढरपूरला निघते. पंजाबातून नांदेडच्या हुजूर साहिबला आलेले शीख भाविक वाट वाकडी करून इथे येतात. दोघांच्या ओठी एकाच संताची वाणी असते. लिपी वेगळी, भाषेचा बाज वेगळा, आणि ती वाणी ग्रंथात शोधण्याची सोय तर फारच वेगळी.

ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, १८ रागांत विखुरलेली. त्यातले हवे ते पद एखादा शीख तरुण मोबाइलवर बघता बघता काढून दाखवतो. आपल्याकडे भजनाला बसलेल्या माणसाला चाल आठवते, ध्रुपद आठवते, पण अभंग कुठून सुरू होतो ते काही केल्या आठवत नाही. मग कुणी गाथेच्या शेवटची अकारविल्हे सूची उघडतो. सूची असते पहिल्या चरणाची. गाणाऱ्याच्या तोंडात बसलेले असते ध्रुपद, आणि तुकोबांच्या गाथेत ते बहुधा पहिल्या कडव्यानंतर छापलेले असते. सूची चाळून होते, अभंग हाती लागत नाही, आणि मंडळी दुसरा अभंग घेतात.

संतांचे ग्रंथ संगणकावर आणि मोबाइलवर कसे शोधावेत याची ही पुस्तिका अशा मंडळींसाठी आहे. कोणते बटण कुठे दाबायचे ते आत सविस्तर आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. शोध फसतो तेव्हा तो का फसतो, एवढाच या प्रस्तावनेचा विषय. माझे मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक वेळा यंत्र बरोबर असते. मजकूर कच्चा असतो, किंवा विचारणाऱ्याने नीट विचारलेले नसते.

औंढ्याचेच उदाहरण घेऊ. नामदेव औंढा नागनाथाच्या देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवले, ते मागच्या बाजूला गेले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही कथा जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. देऊळ फिरल्याचा प्रसंग ग्रंथ साहिबात खुद्द नामदेवांच्या पदांत आला आहे. तो शोधायचा कसा? ‘देऊळ’ टाकून काही मिळत नाही. ‘मंदिर’ टाकले तर भलतेच मिळते, कारण त्या भाषेत तो शब्द घर-महाल या अर्थानेही येतो. तिथला शब्द आहे ‘देहुरा’. तोही जसाच्या तसा टाकला तर ‘देहुरे’ निसटते. सरावलेला माणूस शेवटची मात्रा सोडून ‘देहुर’ एवढेच टाकतो. मग अंग ११६४ वरचे (ग्रंथ साहिबाच्या पानाला अंग म्हणतात) भैरव रागातले पद समोर येते, अंग १२९२ वरचे मल्हार रागातले येते, आणि ज्याची अपेक्षाच केली नव्हती ते अंग ८७५ वरचे गोंड रागातले पदही येते. या तिसऱ्या पदात देऊळ फिरत नाही. हिंदू देवळात पूजा करतो, मुसलमान मशिदीत, आणि नामदेव ज्याची सेवा करतात त्याला दोन्हींची गरज नाही, असे तिथे सांगितले आहे. औंढ्याची कथा शोधायला गेलेल्या वाचकाला त्याच शब्दाच्या आधाराने देवळापलीकडचे नामदेव भेटतात. एक मात्रा गाळल्याचा हा लाभ.

विठ्ठलाचेही तसेच. ग्रंथ साहिबात ‘विठ्ठल’ टाकून शोधणाऱ्या मराठी माणसाला वाटते, पंजाबात जाऊन नामदेव विठ्ठलाला विसरले की काय. विसरले नाहीत. तिथे तो ‘बीठल’ आणि ‘बीठलु’ होऊन आला आहे. व चा ब झाला, ह्रस्व इकार दीर्घ झाला, ठ चे द्वित्व गेले आणि शेवटी उकार लागला. शोधणाऱ्याने ज्या ग्रंथात जायचे त्या ग्रंथाचे कान लावून जायला हवे.

गुरबाणी शोधणाऱ्यांनी या अडचणीवर एक नामी तोड काढली आहे. ‘सिखी टू द मॅक्स’सारख्या साधनांत अख्खा शब्द लिहावाच लागत नाही. ओळीतल्या प्रत्येक शब्दाचे फक्त पहिले अक्षर टाकायचे. रागी गाऊ लागला की पडद्याजवळ बसलेला सेवादार चार-पाच अक्षरे टाकतो आणि ओळ पडद्यावर हजर होते. यातली खुबी लक्षात घ्या. मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरे, शेवटचे प्रत्यय अशी लेखनाची जेवढी भांडणे आहेत ती बहुतेक शब्दाच्या पोटात किंवा शेपटीला असतात. पहिल्या अक्षरापर्यंत ती पोचत नाहीत. गाथेसाठी अशी सोय कुणी केली, तर भजनी मंडळांचे निम्मे काम त्या एका सोयीने होईल, असे मला वाटते.

पण ही सोय तिथे होऊ शकली त्यामागे एक जुनी शिस्त आहे. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिले. आज छापील बीड, म्हणजे ग्रंथाची प्रत, कुठलीही घ्या, अंगे १४३० च असतात, आणि अंग ११६४ वर जे आहे ते सगळीकडे ११६४ वरच असते. कुलबीरसिंग थिंड यांनी ग्रंथ साहिब संगणकावर आणला, गुरमुखीचे फॉन्ट केले, तेव्हा काय टंकायचे आणि त्याचा पत्ता काय हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. तो आधीच सुटलेला होता.

बायबलचेही असेच झाले, आणि बायबलवाल्यांचा अनुभव सगळ्यात जुना म्हणून तो जरा विस्ताराने पाहण्यासारखा आहे. शोधण्याची साधने त्यांनी संगणकाच्या सातशे वर्षे आधीपासून घडवली. तेराव्या शतकाच्या आरंभी अध्याय पडले. त्याचे श्रेय स्टीफन लँग्टन यांना देतात. त्याच शतकात पॅरिसला ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या देखरेखीखाली डोमिनिकन साधूंनी लॅटिन बायबलची शब्दसूची केली: शब्द घ्यायचा आणि तो कुठे कुठे आला ते लिहायचे. तेव्हा वचनांना आकडे नव्हते. मग त्यांनी प्रत्येक अध्यायाचे मनानेच सात भाग कल्पिले, त्यांना सात अक्षरे दिली आणि शब्द अमुक अध्यायाच्या अमुक अक्षरात आहे असे नोंदवले. वचनांचे आजचे आकडे नव्या करारात आले ते १५५१ मध्ये, रोबेर एस्तिएन या मुद्रकाच्या आवृत्तीत. १७३७ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर क्रूडनने इंग्रजी बायबलची शब्दसूची जवळजवळ एकट्याने तयार केली. १८९० मध्ये जेम्स स्ट्राँग यांची सूची निघाली. तिने मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांना क्रमांक दिले. भाषांतरात शब्द कुठलाही असो, मुळातला शब्द एकच असेल तर क्रमांकही एकच.

आज ‘ई-स्वोर्ड’सारख्या किंवा क्रॉसवायर संस्थेच्या फुकट मिळणाऱ्या ‘स्वोर्ड’ प्रकल्पावर चालणाऱ्या आज्ञावल्यांत आपण एखाद्या शब्दावर बोट ठेवतो आणि मुळातल्या त्या शब्दाच्या साऱ्या जागा समोर येतात. त्यामागे स्ट्राँगचे ते आकडे आहेत. मधल्या काळात रोबेर्तो बुसा नावाचे इटालियन जेझुइट पाद्री होते. संत थॉमस अॅक्वायनसच्या समग्र लेखनाची शब्दसूची पंच कार्डांवर करावी म्हणून ते १९४९ मध्ये आयबीएमच्या वॉटसन यांना जाऊन भेटले. ते काम सुमारे तीस वर्षे चालले आणि छापून ५६ खंड झाले. धर्मग्रंथाच्या अभ्यासकाने संगणक कंपनीचे दार ठोठावले ते असे, आणि साहित्याच्या संगणकीय अभ्यासाचा इतिहास सांगणारे पुष्कळ जण आरंभ तिथूनच करतात.

मराठी बायबलचा वाचक या साऱ्याचा आयता वारस आहे. विल्यम कॅरी यांच्या बंगालमधल्या श्रीरामपुरातून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत आले. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण भाषांतर केले. भाषा पालटली, शब्द पालटले, तरी ‘योहान ३:१६’ हा पत्ता कुठल्याही भाषांतरात तोच राहतो. म्हणून बायबलच्या आज्ञावलीत मराठी पाठ बसवणे सोपे जाते, आणि दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचणेही.

आता गाथेकडे या. ‘अभंग क्रमांक अमुक’ असे कुणी म्हटले की पहिला प्रश्न विचारायचा: कुणाच्या गाथेतला? नामदेवांचे अभंग आवटे यांच्या सकलसंतगाथेत आहेत, जोशी यांच्या सकलसंतगाथेत आहेत आणि महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये काढलेल्या नामदेव गाथेतही आहेत. क्रम वेगळा, आकडे वेगळे, काही ठिकाणी शब्दही वेगळे. तुकोबांच्या बाबतीत इंदुप्रकाश छापखान्याची १८६९ आणि १८७३ ची दोन खंडांतली गाथा आहे. विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी ती सरकारी मदतीने काढली होती. शासनाची गाथा तिच्याच वळणाची, ४६०७ अभंगांची. विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा आहे, देहूची आहे. कीर्तनकार ‘गाथा क्रमांक’ म्हणून आकडा सांगतात आणि श्रोता घरी जाऊन आपल्या गाथेत तो काढतो, तर तिथे भलताच अभंग असतो. घरांचे क्रमांक प्रत्येक गल्लीने आपापल्या मर्जीने टाकले तर पोस्टमन किती हुशार आहे याला काही महत्त्व उरत नाही, तसे हे आहे.

ज्ञानेश्वरीची स्थिती थोडी बरी. अठरा अध्याय ठरलेले आहेत, त्यामुळे चूक झाली तरी अध्यायाच्या आत होते. पण तिथेही एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेला पाठ आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेला जुन्या पोथीचा पाठ यांत ओव्यांचे आकडे सरकतात आणि शब्दांची रूपे तर पुष्कळच बदलतात. एका आवृत्तीत दिसलेला शब्द दुसऱ्या आवृत्तीच्या फाइलीत शोधला आणि मिळाला नाही, तर ‘ज्ञानेश्वरीत हा शब्दच नाही’ असे म्हणायची घाई करू नये. हे वाक्य चर्चांमधून फार लवकर उच्चारले जाते.

पाठभेदांची जाण आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. महानुभावांनी लीळाचरित्राच्या पोथ्यांत लीळेच्या मजकुरातच ‘शोधु’ आणि ‘वासना’ अशा खुणा करून ठेवल्या. मागाहून मिळालेली माहिती तो शोधु, आणि अमक्या शिष्याच्या आठवणीप्रमाणे असलेला वेगळा पाठ ती त्याची वासना. कोणता पाठ कुणाचा हे हाताने लिहिणाऱ्या लेखकूंनी सांभाळले. आपण मात्र महाजालावर अभंग टाकताना आवृत्तीचे नावसुद्धा लिहीत नाही.

हा झाला पत्त्याचा घोळ. कळफलकावरचा घोळ निराळा, आणि त्यात मला जास्त रस आहे.

नामदेवांची मुद्रिका शोधायची म्हणून ‘नामा’ टाकून पाहा. यंत्र प्रामाणिकपणे नामाचा, नामाची, नामामृत, नामावळी असे सगळे पुढे ओतते, कारण अक्षरे तीच आहेत. भक्तिवाङ्मयात नाम हा शब्द पावलोपावली येणार, त्यामुळे नामा शिंपी नामाच्या गर्दीत हरवतो. ‘संपूर्ण शब्द’ ही खूण लावली की गर्दी हटते, पण ‘नामया’ आणि ‘नामदेव’ या शोधात मुळातच येत नाहीत, कारण त्यांत ‘नामा’ ही अक्षरे सलग नाहीत. मग ‘नामा म्हणे’ ही जोडी अवतरणात टाकावी. फळ चांगले येते. तरी ‘म्हणे नामा’ राहतेच, आणि कुठल्या तरी फाइलीत दोन शब्दांमध्ये जागा सोडायची राहून गेलेली असते, ती ओळही राहते. म्हणून एका शोधावर कधीच थांबू नये. ‘नामा म्हणे’, ‘म्हणे नामा’, ‘नामदेव म्हणे’, ‘नामया’ असे वेगवेगळे शोध घ्यावेत आणि मिळालेल्या याद्या एकमेकींवर ताडून पाहाव्यात.

‘नामया’ टाकले की जनाबाई येतात. गंगाखेडच्या जनाबाई स्वतःला नामयाची जनी, नामयाची दासी म्हणवतात. यंत्राला त्या नामदेवांच्या वाटतात. आणि ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रिका दिसली तर दम धरायला हवा. नामदेवांनंतर सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा कवी होऊन गेला. त्याने महाभारत मराठीत आणले. त्याच्या आणि इतरही नाम्यांच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या असे अभ्यासक मानतात. कोणती कुणाची यावर एकमत नाही. मुद्रिका कुठे कुठे आहे एवढे शोध सांगेल. ती कुणाची, हे ठरवायला भाषा, प्रत आणि परंपरा तिन्हींकडे पाहावे लागते आणि तिथे कुठलीही आज्ञावली उपयोगाची नाही.

देवाच्या नावांचा प्रश्न सोपा आहे, फक्त आळस सोडायला हवा. विठ्ठलावरचे अभंग हवे असतील तर आधी कागदावर नावे लिहून काढावीत: विठ्ठल, विठोबा, विठो, विठाई, पांडुरंग, पंढरीनाथ, पंढरीराव, केशव, केशिराज. नामदेवांना केशव फार प्रिय. ‘विठ्ठल’ एवढेच टाकून नामदेवांचा देव शोधणारा माणूस केशवाला नाव उच्चारायच्या आधीच बाद करतो. विसोबा खेचर शोधणाऱ्यानेही सावध असावे. औंढ्याशी नाते असलेल्या या नामदेवांच्या गुरूंना शोधायला गाथा-ग्रंथांत ‘खेचर’ टाकले की योगातली खेचरी मुद्राही रांगेत येऊन उभी राहते.

आता अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपण अनुच्चारित अनुस्वार सोडले. गाथा त्याआधीची आहे. तिथे ‘नांव’ आहे, ‘कीं’ आहे, ‘चित्तीं’ आहे. यात एक मजेशीर भेद आहे. ‘चित्ती’ असे बिनअनुस्वाराचे टाकले तर ‘चित्तीं’ सापडते, कारण अनुस्वार शेवटी लागला आहे आणि त्याच्या आधीची सगळी अक्षरे जुळतात. ‘नाव’ टाकले तर ‘नांव’ सापडत नाही, कारण अनुस्वार शब्दाच्या पोटात बसला आहे. तेव्हा शेवटच्या अनुस्वाराची काळजी नको, मधल्याची मात्र दोन्ही रूपे टाकून पाहायची. ‘संपूर्ण शब्द’ ही खूण लावलेली असेल तर ‘चित्ती’लासुद्धा ‘चित्तीं’ मिळणार नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

सगळ्यात फसवा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. पंढरपूरच्या देवळात नामदेवांची पायरी आहे. पायरीचे अनेकवचन ‘पायऱ्या’. हा आडवा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’ घेऊन पाय मोडतात आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, कागदावर सारखे छापले जातात, पण शोधयंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. वारकऱ्यांचा, पायऱ्यांवर, वाऱ्यावर अशा शब्दांचा शोध रिकामा आला तर आधी संशय या जोडखुणेवर घ्यावा. सोपा उपाय म्हणजे हा भाग टाळून शोधणे: ‘वारक’ टाका, वारकरी आणि वारकऱ्यांचा दोन्ही येतील. ‘अॅ’ आणि ‘ॲ’ यांचीही हीच कथा आहे, पण गाथेत तो प्रश्न येत नाही, सुदैवाने.

जुन्या फाइलींचे आणखी एक दुखणे आहे. छापखान्यांकडे आणि जुन्या टंकलेखकांकडे अभंगांचा केवढा तरी मजकूर पडून आहे, तो युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांमध्ये. उघडला की मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरे असतात, त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवलेला असतो. त्यात देवनागरीने शोधणे शक्यच नाही. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलताना रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, ती डोळ्यांनी तपासावी लागतात. पुस्तकांच्या पीडीएफचा प्रकार वेगळा. ती पानांची छायाचित्रे असतात. त्यातून अक्षरे ओळखून घेणारी साधने आता मराठीतही चालतात, टेसरॅक्ट फुकट आहे. पण जुन्या टाइपात भ चा म होतो, ध चा घ होतो, आणि जुन्या वळणाचा ख यंत्राला ‘रव’ असा दिसतो. तुमचे खेचर तिथे ‘रवेचर’ होऊन बसलेले असू शकतात. असा मजकूर शोधताना चुकीचे रूपही मुद्दाम टाकून पाहावे. मला स्वतःला या उलट्या शोधाची गंमत वाटते; सगळ्यांना वाटेल असे नाही.

अर्थ लावायची वेळ आली की गाथेबाहेर पडावे लागते, आणि तिथे परिस्थिती आशादायक आहे. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ दरम्यान निघालेला महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात महाजालावर शोधता येतात. शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये निघाला. नामदेवकालीन शब्दासाठी आधी तो पाहावा. आजचा अर्थ मनात धरून तेराव्या-चौदाव्या शतकातला शब्द वाचण्याची चूक त्याने टळते.

कीर्तनकार मित्रांना एक सांगायचे आहे. प्रमाण देणे ही कीर्तनाची रीत. पूर्वी प्रमाण पाठ असावे लागे. ते पाठ असण्यात मागचा-पुढचा अभंगही पाठ असे. आता शब्द टाकला की पन्नास प्रमाणे समोर येतात आणि हवे ते उचलून मुद्द्याला चिकटवता येते. प्रवचनकार पाद्र्यांमध्येही हा दोष आहे आणि त्यांच्यातलेच जाणते लोक त्यावर टीका करतात. सापडलेली ओळ उचलायच्या आधी अख्खा अभंग वाचावा, आणि तो ज्या प्रकरणात आहे, म्हणजे बाळक्रीडा असो, तीर्थावळी असो की आदी-समाधी, त्या प्रकरणाचा रोख पाहावा. नामदेवांच्या आख्यानपर अभंगांत बोलणारा नेहमी नामदेव नसतो. कधी ज्ञानदेव बोलतात, कधी देव स्वतः बोलतो. एकटी ओळ उचलली तर देवाचे बोलणे नामदेवांच्या तोंडी जाते.

पुस्तिका वाचून झाल्यावर काय करायचे? हिंगोली, सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमत, कुठल्याही तालुक्यातल्या वाचकाला मी कामच सांगणार आहे. घोमानला, पंजाबात, २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नामदेवांच्या निमित्ताने मराठी माणसे तिथवर गेली, याचा आनंदच आहे. त्या दिशेने पुढचे पाऊल गाथेचे असायला हवे, आणि ते नर्सीतूनच पडू शकते. गावोगावच्या भजनी मंडळांकडे हाताने लिहिलेल्या वह्या आहेत. आजोबांनी लिहिलेली वही नातवाच्या माळ्यावर पडून असते. त्यांत छापील गाथेत नसलेली कडवी असतात, वेगळे ध्रुपद असते, चालीचे नाव असते. त्या वह्यांची छायाचित्रे काढा. पान उलटे-तिरपे नको, सावली नको, आणि पहिल्या छायाचित्रात वहीचे मुखपृष्ठ असू द्या. त्यातले अभंग टंकणार असाल तर युनिकोडमध्ये टंका.

टंकताना पाच गोष्टी पाळा, एवढीच विनंती. वहीत किंवा पुस्तकात जसे आहे तसे लिहा. शुद्धलेखन सुधारू नका, ‘नांव’चे ‘नाव’ करू नका. छापील गाथेवरून घेतले असेल तर संपादकाचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि त्या आवृत्तीतला क्रमांक प्रत्येक अभंगाखाली द्या. ध्रुपदावर खूण करा. दोन पाठ मिळाले तर दोन्ही द्या आणि कुठला कुठून आला ते लिहा. आणि अभंग कुणाचा याबद्दल शंका असेल तर नामदेवांचे नाव घालून मोकळे होऊ नका, शंका तशीच लिहून ठेवा.